चीफ्सची सद्दी खरंच संपली का?

प्रश्न – ॲरोहेड_मराठी

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये कॅन्सस सिटी चीफ्सचा २०२५ चा हंगाम ६-११ वर (सहा विजय, अकरा पराभव) संपला. २०१४ नंतर पहिल्यांदाच कॅन्सस सिटी प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) बाहेर आहे. २०१६ पासून सलग नऊ वर्षं हातात असलेलं एएफसी वेस्टचं (लीगच्या एएफसी या अर्ध्या भागातल्या चार संघांच्या गटाचं) विजेतेपद डेन्व्हरनं १४-३ करून नेलं. १४ डिसेंबरला चार्जर्सविरुद्ध क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) पॅट्रिक माहोम्सचा डावा गुडघा गेला, एसीएल आणि एलसीएल हे दोन्ही अस्थिबंध. त्याच सामन्यात १६-१३ ने हरून प्लेऑफची आशाही मिटली. टाइट एंड (पास झेलणारा आणि अडवणूकही करणारा) ट्रॅव्हिस केल्सी ३६ वर्षांचा आहे आणि त्याचा करार मार्च २०२६ मध्ये संपतो. मुख्य प्रशिक्षक अँडी रीड मार्च २०२६ मध्ये ६८ चे होतात.

२०१९ ते २०२४ या सहा हंगामांत पाच सुपर बोल (लीगचा अंतिम सामना), त्यांत तीन विजेतेपदं, आणि २०१८ पासून सलग सात एएफसी अंतिम सामने. एवढा काळ एखादा संघ वर राहिला की पहिल्या पडझडीत सगळे मर्तिकाला जमतात, आणि चाहते ‘दुखापती झाल्या, पुढच्या वर्षी बघा’ म्हणतात. मला दोन्ही नकोत. नेमकं काय मोडलंय, त्यातलं काय दुरुस्त होण्यासारखं आहे आणि काय वयामुळे गेलंय, हे जाणकारांनी सुटं करून सांगावं.

प्रतिसाद १ – तिसरा_डाऊन

जय-पराजय थोडा वेळ बाजूला ठेवा. केलेले गुण वजा दिलेले गुण, एवढंच प्रत्येक हंगामाचं बघा.

२०१८ मध्ये अधिक १४४. २०१९ मध्ये १४३, २०२० मध्ये १११, २०२१ मध्ये ११६, २०२२ मध्ये १२७. मग २०२३ मध्ये ७७, २०२४ मध्ये ५९ आणि २०२५ मध्ये ३४.

उतरण २०२५ ला सुरू झालेली नाही. ती २०२३ पासून आहे, आणि मधल्या एका विजेतेपदानं व एका १५-२ च्या हंगामानं ती झाकली गेली. २०२२ मध्ये हा संघ सामन्याला सरासरी २९ गुण करत होता. त्यानंतरच्या तिन्ही हंगामांत तो २१ ते २३ च्या मध्ये अडकला आहे.

२०२४ आणि २०२५ शेजारी ठेवले तर चित्र आणखी स्पष्ट होतं. २०२४: ३८५ केले, ३२६ दिले. २०२५: ३६२ केले, ३२८ दिले. बचाव जिथल्या तिथे आहे, सतरा सामन्यांत फक्त दोन गुणांचा फरक. आक्रमण २३ गुणांनी घटलं, म्हणजे सामन्याला दीड गुणही नाही. तरी पंधरा विजयांचे सहा झाले.

कारण आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाचे सामने. २०२४ च्या नियमित हंगामात त्यांत ११-०, २०२५ मध्ये १-९. तो एक विजयसुद्धा कोल्ट्सविरुद्ध ओव्हरटाइममध्ये, २३-२०.

गुणांवरून अपेक्षित विजय काढायचं एक सूत्र आहे. केलेल्या आणि दिलेल्या गुणांचं गुणोत्तर घ्या, त्याचा २.३७ वा घात करा, आलेल्या संख्येला ‘ती संख्या अधिक एक’ने भागा आणि सतराने गुणा. २०२४ साठी सुमारे १०.१ येतात, २०२५ साठी सुमारे ९.५. म्हणजे दोन्ही वर्षी संघ साधारण दहा विजयांच्या लायकीचा होता. एका वर्षी पाच जास्त मिळाले, पुढच्या वर्षी साडेतीन कमी. म्हणून ‘सगळं कोसळलं’ हे मला पटत नाही. पण २०२४ चा संघ अजिंक्य होता हेही तेव्हा पटत नव्हतं. डेन्व्हरविरुद्ध १६-१४ वर लिओ शेनालनं शेवटच्या क्षणी फील्ड गोल (तीन गुणांची किक) अडवला, रेडर्सविरुद्ध १९-१७ वर समोरच्याचा स्नॅप (डाव सुरू करताना मागे दिलेला चेंडू) हुकला, चार्जर्सविरुद्ध मॅथ्यू राइटची किक खांबाला लागून आत गेली. असे सामने दरवर्षी आपल्याच बाजूला पडत नाहीत.

प्रतिसाद २ – रेडझोन_वाचक

वरच्या हिशोबात एक दुरुस्ती, कारण तिनं निष्कर्ष बदलतो. २०२४ चा शेवटचा सामना डेन्व्हरकडून ०-३८ हरला, पण त्यात मुख्य खेळाडूंना विश्रांती होती. तो काढला तर २०२४ चा फरक अधिक ९७ होतो. उलट २०२५ मध्ये रेडर्सवर ३१-० असा एकतर्फी विजय आहे. तो काढला तर उरतात फक्त ३. म्हणजे दोन वर्षांतली घसरण ५९ वरून ३४ एवढी सौम्य नाही.

शिवाय हंगाम मधोमध तोडून बघा. पहिल्या आठ सामन्यांत ५-३ आणि अधिक ८३. पुढच्या नऊमध्ये १-८ आणि उणे ४९. माहोम्सशिवायचे शेवटचे तीन वगळले तरी त्याच्या हाताखालचे सहा सामने उणे २३ आहेत. गुडघा जायच्या आधीच संघ घसरला होता. नशिबाला सगळा दोष देता येणार नाही.

प्रतिसाद ३ – पॉकेटमधून

आकड्यांमागचं कारण मैदानावर दिसतं, आणि ते दोन जागी आहे: डावा टॅकल (क्वार्टरबॅकला राखणाऱ्या ओळीच्या टोकाचा खेळाडू) आणि धाव (चेंडू घेऊन पळण्याचा डाव).

आधी टॅकल. फेब्रुवारी २०२१ मध्ये टँपा बेकडून ९-३१ हरले तेव्हा एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ हे दोन्ही टॅकल जखमी होते. त्या उन्हाळ्यात व्यवस्थापनानं आख्खी ओळ नव्यानं बांधली: ऑर्लँडो ब्राउन बाल्टिमोरकडून सौद्यात, जो थूनी खुल्या बाजारातून, ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) ६३ व्या क्रमांकाला सेंटर (ओळीच्या मधला) क्रीड हम्फ्री आणि थेट सहाव्या फेरीत, २२६ व्या क्रमांकाला, गार्ड (सेंटरच्या शेजारचा) ट्रे स्मिथ. पुढची दोन विजेतेपदं या ओळीच्या मधल्या तिघांवर उभी आहेत.

ब्राउन २०२३ मध्ये सिनसिनाटीला गेला आणि तेव्हापासून ती डावी जागा भरलेलीच नाही. एक वर्ष डोनोव्हन स्मिथवर काढलं. २०२४ मध्ये किंग्जली सुआमाटाया बसवला, तो टिकला नाही. वान्या मॉरिस झाला. शेवटी थूनीला गार्डवरून टॅकलवर सरकवलं. थूनी उत्तम गार्ड आहे, पण टॅकलला लागणारी हाताची लांबी त्याच्याकडे नाही. बाहेरून वळसा घेणारा एज रशर (कडेनं क्वार्टरबॅकवर धावणारा बचावपटू) आधी त्याच्या छातीवर हात टेकवतो, आणि मग त्याचे पाय कितीही बरोबर असले तरी तो मागे ढकलला जातो. शिवाय टॅकल बदलला की गार्डही बदलतो, म्हणजे एका दुखण्यासाठी दोन जागा ढिल्या होतात.

याचं बिल सुपर बोल ५९ मध्ये आलं. फिलाडेल्फियानं एकदाही ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा बचावपटू सोडणं) केला नाही. चौघेच पुढे, सात जण मागे, आणि तरीही सहा सॅक (चेंडू सोडण्याआधी क्वार्टरबॅकला पाडणं). मध्यंतराला ०-२४, चीफ्सचे एकूण यार्ड २३. चार जणांत दबाव आला की सात बचावपटूंमध्ये फट सापडायला जो वेळ लागतो तो क्वार्टरबॅकला मिळतच नाही. दोन सेकंदांत चेंडू सोडावा तर पाच यार्डांच्या पुढे कोणी मोकळा नसतो, थांबावं तर पॉकेट (ओळीनं त्याच्याभोवती राखलेली जागा) आत येतं.

२०२५ मध्ये उपाय केला होता. ३२ व्या क्रमांकाला ओहायो स्टेटचा जॉश सिमन्स घेतला, सुआमाटाया डावा गार्ड झाला, थूनीला शिकागोला दिलं. सिमन्स खेळला तेव्हा ती बाजू बरी दिसली, पण तो काही सामने बाहेर राहिला आणि थँक्सगिव्हिंगच्या डॅलस सामन्यात त्याचं मनगट निखळलं. त्यामुळे हा उपाय चुकला असं म्हणता येत नाही. तो पूर्ण हंगामभर वापरायला मिळालाच नाही.

आता धाव, कारण माझ्या मते हे जास्त जुनं दुखणं आहे. २०२१ पासून चीफ्ससमोर बहुतेक संघ दोन सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) खोल उभे करतात. म्हणजे बॉक्समध्ये (ओळीजवळच्या पट्ट्यात) सातऐवजी सहाच माणसं. फुटबॉलमध्ये याचं उत्तर एकच: पहिल्या डाऊनला (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांपैकी पहिल्याला) सहा माणसांच्या बॉक्सवर धावा, पाच-सहा यार्ड घ्या आणि एका सेफ्टीला खाली यायला भाग पाडा. तो खाली आला की वरचा पास उघडतो. चीफ्सची धाव तीन-चार यार्डांवर थांबते. धावणाऱ्या आयझाया पाचेकोचं २०२४ मध्ये पायाचं हाड मोडलं, त्यानंतर तो वेग परतला नाही. करीम हंट दोन यार्ड हवे असतील तर दोन आणून देतो, पण वीस कधीच नाही. लांब धावेची भीतीच नसल्यावर सेफ्टी कशाला खाली येईल?

त्यात माहोम्स बहुतेक वेळ शॉटगनमध्ये (सेंटरपासून काही यार्ड मागे उभा). शॉटगनमधून धावणाऱ्याला चेंडू उभ्यानं किंवा आडवं जाताना मिळतो, तर सेंटरच्या मागून घेतलेल्या स्नॅपवर तो पूर्ण वेगात लाइनवर पोचतो. प्ले-ॲक्शनचा (धावेचा बहाणा करून पास) आभासही तिथूनच खरा वाटतो, कारण क्वार्टरबॅक पाठ फिरवतो आणि लाइनबॅकर (मधल्या फळीतले बचावपटू) दोन पावलं पुढे येतात. एरिक बिएनेमी ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचा प्रशिक्षक) म्हणून परत आलाय. त्याच्याकडून मला नवे डाव नकोत. पहिल्या डाऊनला सेंटरखालून धाव आणि त्याच मांडणीतून पास, एवढी शिस्त बसली तरी पुष्कळ.

रिसीव्हर (पास झेलणारा) टायरीक हिल गेल्यामुळे हे झालं, असं म्हणतात. २०२२ मध्ये तो गेला त्याच वर्षी ४९६ गुण केले आणि करंडक जिंकला, तेव्हा तो मुद्दा अर्धाच खरा. त्या वर्षी केल्सीनं १,३३८ यार्ड घेतले होते. २०२५ मध्ये ८५१. हिलची जागा केल्सीनं भरून काढली, केल्सीची भरायला अजून कोणी आलेला नाही. रिसीव्हर झेवियर वर्दी सरळ रेषेत ४.२१ सेकंदांत ४० यार्ड धावतो, पण तिसऱ्या डाऊनला मधल्या गर्दीत दोन लाइनबॅकरच्या मधे थांबून वळणं हे वेगळं कसब आहे.

प्रतिसाद ४ – फिजिओ_नजर

गुडघ्याबद्दल, कारण सगळे ‘नऊ महिने’ एवढंच म्हणून सोडून देतात.

माहोम्स उजव्या हाताचा आहे, त्यामुळे डावा पाय फेकताना पुढे टेकतो. ताकद मागच्या पायातून येते, पण ती हातापर्यंत पोचते ती पुढचा पाय ताठ राहून कंबर त्याच्याभोवती फिरते तेव्हाच. तो पाय टेकताना जरा जरी वाकला तर चेंडू वर जातो किंवा बाहेरच्या फेकीत दोन यार्ड कमी पडतो. माहोम्सची खासियत वेड्यावाकड्या पायांवरून, धावता धावता फेकण्याची आहे, आणि डावीकडे पळताना अचानक थांबून उलट वळणं हा तर एलसीएलवरचा थेट भार. ती दोरी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला असते आणि गुडघा बाहेर फाकू देत नाही. एकट्या एसीएलपेक्षा ही जोडदुखापत म्हणूनच जास्त जपावी लागते, सुरुवातीला वजन टाकण्यावरही बंधन येऊ शकतं.

क्रम साधारण असा असतो. पहिले सहा आठवडे सूज उतरवणं आणि गुडघा पूर्ण सरळ करणं. पूर्ण सरळ झाला नाही तर पुढचं सगळं अडतं. तीन-चार महिन्यांनी सरळ धावणं, सहाव्याच्या आसपास दिशा बदलणं. मैदानात सोडण्याआधी मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के असावी लागते आणि एका पायावरच्या उड्यांच्या चाचण्याही तेवढ्याच जुळाव्या लागतात. नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांत पुन्हा फाटण्याचा धोका ठळकपणे जास्त असतो. १४ डिसेंबरपासून नऊ महिने म्हणजे १४ सप्टेंबर, हंगामाच्या अगदी सुरुवातीचा काळ.

तुलनेला दोन उदाहरणं आहेत, दोन्ही उजव्या हाताचे, दोन्हींचा डावा गुडघा. कार्सन वेंट्झ: १० डिसेंबर २०१७, एसीएल आणि एलसीएल, परतला २३ सप्टेंबर २०१८ ला, पण २०१७ चा वेंट्झ परत दिसला नाही. जो बरो: २२ नोव्हेंबर २०२०, एसीएल आणि एमसीएल (आतल्या बाजूचा अस्थिबंध), २०२१ च्या पहिल्या सामन्याला हजर, नियमित हंगामात ५१ सॅक खाऊनही सुपर बोल गाठला. बरो पॉकेटमध्ये उभा राहून खेळतो आणि वेंट्झ पळून डाव वाचवायचा. माहोम्स या बाबतीत वेंट्झच्या जवळ आहे, डोक्यानं मात्र बरोच्या. पहिल्या दोन महिन्यांत त्याला बरोसारखं खेळावं लागेल, आणि ते शक्य होईल की नाही हे वर ‘पॉकेटमधून’ यांनी सांगितलेल्या डाव्या टॅकलवर ठरेल.

प्रतिसाद ५ – कॅपचा_हिशोब

२०२५ ची सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगाराची मर्यादा) २७.९२ कोटी डॉलर होती. २०२६ मध्ये ती ३० कोटींच्या आसपास आहे. माहोम्सचा २०२६ चा मूळ कॅप आकडा एकट्याचा सुमारे ७.८ कोटी आहे. हा वाचून घाबरू नका, तो कमी करता येतो. त्याचा करार २०३१ पर्यंत आहे. समजा या वर्षीच्या पगारातले ५ कोटी साइनिंग बोनसमध्ये बदलले. पैसे त्याला लगेच मिळतात, पण कॅपवर ते जास्तीत जास्त पाच वर्षांत सारखे वाटले जातात, वर्षाला १ कोटी. यंदाचे ४ कोटी मोकळे झाले आणि २०२७ ते २०३० वर प्रत्येकी १ कोटी चढले. मंजुरीची अडचण नसते, कारण खेळाडूचं नुकसान काहीच नाही.

अडचण ही की हे चीफ्सनी आधीही केलंय. दरवर्षी ढकललेला हप्ता पुढच्या हप्त्यावर बसतो, आणि तो खेळाडू विकला किंवा सोडला तर उरलेली सगळी रक्कम एकदम अंगावर येते. माहोम्सला कोणी सोडणार नाही, म्हणून त्याच्याबाबतीत ते चालतं. ३१ वर्षांच्या बचावपटू ख्रिस जोन्सबाबत चालत नाही. त्याचा २०२४ चा करार पाच वर्षांचा, १५.८७५ कोटींचा आहे. तिथे रक्कम पुढे ढकलणं म्हणजे तो ३४ चा असताना खेळत नसला तरी त्याचे पैसे मोजणं.

पण मला जास्त काळजी २०२२ च्या ड्राफ्टची वाटते. हिलच्या सौद्यातून आलेल्या निवडींच्या जोरावर त्या वर्षी ट्रेंट मॅकडफी, जॉर्ज कार्लाफ्टिस, ब्रायन कुक, शेनाल, आणि सातव्या फेरीत जेलन वॉटसन व पाचेको आले. स्वस्त पगारात अर्धा बचाव. पहिल्या फेरीनंतर निवडलेल्यांचे करार चार वर्षांचे असतात, म्हणजे कुक, शेनाल, वॉटसन, पाचेको मार्च २०२६ मध्ये एकदम मोकळे होतात. सगळ्यांना ठेवणं शक्य नाही. यापूर्वी लजेरियस स्नीडला टेनेसीला देऊन तिसऱ्या फेरीची निवड घेतली तेव्हा मागे वॉटसन तयार होता. आता मागे तसा कोण आहे, तिथे मला नाव सुचत नाही.

दिलासा एकच. सलग विजयांमुळे पहिल्या फेरीतली निवड २८, ३१, ३२ अशा टोकाला मिळत होती. २०२६ ला वाट्याला नववी आली. २०१७ मध्ये २७ वरून १० वर चढून माहोम्स घ्यायला ९१ वी निवड आणि पुढच्या वर्षीची पहिली फेरीही मोजावी लागली होती. यंदा तेवढ्याच उंचीवर फुकट बसलेत. तिथे एज रशर घ्यावा, रिसीव्हर नको.

प्रतिसाद ६ – जुनी_फिल्म

इतिहासात मधे पडून पुन्हा उठलेले संघ आहेत. फोर्टी-नाइनर्सनी १९८१ चं विजेतेपद मिळवलं, संपाच्या १९८२ च्या छोट्या हंगामात ३-६ झाले आणि १९८४ मध्ये पुन्हा जिंकले. पेट्रियट्सचा टॉम ब्रेडी २००८ च्या पहिल्याच सामन्यात, तोही चीफ्सविरुद्ध, गुडघा गमावून बसला. संघ ११-५ करूनही प्लेऑफला मुकला. २००९ मध्ये ब्रेडी परतला, १०-६, आणि पहिल्याच फेरीत बाल्टिमोरकडून घरच्या मैदानावर १४-३३. २०१० मध्ये १४-२ आणि एकमतानं एमव्हीपी (हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू). पण पुढचं विजेतेपद २०१४ च्या हंगामात. २००४ ते २०१४ एवढी मोठी पोकळी, क्वार्टरबॅक आणि प्रशिक्षक तेच असताना.

म्हणून मला ‘२०२६ मध्ये परतणार का’ यापेक्षा २०२७ चा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. माहोम्स सप्टेंबर २०२६ मध्ये ३१ चा होतो, त्याच्याकडे वेळ आहे. रीड यांच्याकडे पेट्रियट्सचे तेव्हाचे प्रशिक्षक बेलिचिक यांच्याइतका वेळ नव्हता आणि नाही. २००९ मध्ये बेलिचिक ५७ चे होते. दुसऱ्या प्रशिक्षकाखाली माहोम्स जिंकला तर ती वेगळी सद्दी म्हणावी लागेल.

ॲरोहेड_मराठी

मन लावून उत्तरं दिलीत, आभार. एक व्यावहारिक प्रश्न उरतो. सप्टेंबरच्या पहिल्या चार सामन्यांत निकाल सोडून नेमकं काय बघावं?

पॉकेटमधून

चार गोष्टी, आणि सगळ्या टीव्हीवर दिसतात.

स्नॅपआधी खोल सेफ्टी मोजा. पहिल्या डाऊनला दोनऐवजी एकच दिसायला लागला तर धावेचा वचक बसलाय. समोरचे चौघेच पुढे आले आणि माहोम्सला तीन सेकंद मिळाले का ते बघा. ब्लिट्झवर तो नेहमीच मारतो, ती परीक्षा नव्हे. पहिल्या दोन डाऊनना सेंटरखालून किती स्नॅप घेतले ते मोजा, सामन्याला पंधराच्या पुढे गेले तर बिएनेमीनं काही बदललंय. आणि तिसऱ्या डाऊनला सहा-सात यार्ड हवे असताना चेंडू कोणाकडे जातो. तो अजूनही फक्त केल्सीच्या किंवा त्याच्या जागी आलेल्या टाइट एंडच्या दिशेनं जात असेल, तर समोरचे तिथे दोन माणसं लावतील, जशी नोव्हेंबरपासून लावत आलेत.

फिजिओ_नजर

त्यात एक घाला. डावीकडे पळताना फेकलेले पास. पहिल्या महिन्यात तो ते टाळून चेंडू बाहेर भिरकावत असेल तर ते शहाणपण समजा. ऑक्टोबरच्या अखेरीसही टाळत असेल तर गुडघ्यावर अजून विश्वास नाही.

तिसरा_डाऊन

वेळापत्रकही लक्षात ठेवा. सतरापैकी तीन सामने आदल्या वर्षी आपल्याच क्रमांकावर राहिलेल्या संघांशी असतात. नऊ वर्षं ते गटविजेत्यांशी होते, यंदा तिसऱ्या क्रमांकाच्यांशी आहेत. तेवढ्यानं एखादा विजय वाढू शकतो, तेव्हा ११-६ दिसलं तरी आधी गुणांचा फरक बघा. तो ७५ च्या वर गेला तर २०२३ पासूनची उतरण थांबली. ४० च्या आत राहिला तर विजय कितीही असोत, माझं मत बदलणार नाही. डेन्व्हर आणि चार्जर्सविरुद्धचे चार सामने मी वेगळे मोजीन; २०२५ मध्ये ते चारही गेले, एकूण १९ गुणांच्या फरकानं.